खोटं बोलायला नको म्हणून वकिली सोडली आणि चोरांना घाम फोडणारं कुलूप बनवलं

वर्धा स्टेशनजवळ तुम्ही घाईघाईत सायकल उभी केली. मागच्या चाकाचं गोल कुलूप खटकन लावलं, किल्ली खिशात टाकली आणि नागपूरची गाडी पकडली. संध्याकाळी परत येऊन बघता तर सायकलच्या जागी दुसऱ्याच कुणाची तरी सायकल उभी. किल्ली मात्र तुमच्या खिशात तशीच आहे.

कुलूप तर लावलं होतं की. मग सायकल गेली कशी?

चोराने कुलूप उघडलंच नाही. मागचं चाक थोडं वर उचललं, सायकल पुढच्या चाकावर ढकलत नेली आणि कुलपाचा निकाल पुढे कुठल्यातरी कोपऱ्यात निवांत लावला. कुलूप चाकाला होतं, पण सायकल कशालाच बांधलेली नव्हती.

कुलूप लावलं आणि वस्तू सुरक्षित झाली, या दोन गोष्टी एक नाहीत. हे आपल्याकडे फार पूर्वी एका माणसाच्या नीट लक्षात आलं होतं. त्यांचं आडनाव आज तुमच्या घरातल्या कपाटावर नाहीतर दाराच्या कुलपावर असण्याची बरीच शक्यता आहे. अर्देशीर गोदरेज.

कपाट सगळ्यांना माहीत असतं, माणूस फारसा कुणाला माहीत नसतो. म्हणून आधी त्यांची गोष्ट, आणि मग तुमच्या सायकलचं काय करायचं तेही सांगतो.

राजाबाई टॉवरची ती दुपार

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ चा, मुंबईतल्या एका सधन पारशी घरातला. सहा भावंडांमध्ये ते थोरले. वडील बुर्जोरजी यांचं मूळ आडनाव गुथेराजी. ते अर्देशीर लहान असतानाच बदलून गोदरेज करण्यात आलं.

१८९० मध्ये अर्देशीर यांचं बच्चुबाईंशी लग्न झालं. त्या तेव्हा जेमतेम अठरा वर्षांच्या. अर्देशीर कायद्याचं शिक्षण घेत होते. सगळं सुरळीत चाललं होतं.

२५ एप्रिल १८९१ ला बच्चुबाई आपल्या नात्यातल्या पिरोजबाईंसोबत मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर गेल्या. टॉवरची उंची जवळपास ८५ मीटर, त्या काळातल्या मुंबईतली सगळ्यात उंच इमारतींपैकी एक. त्या दिवशी त्या दोघीही वरून खाली पडल्या आणि दोघींचाही जीव गेला.

वर काहीतरी झटापट झाली, कुणीतरी अंगावर आलं, म्हणून त्या पडल्या असा संशय होता. खटला उभा राहिला, मुंबईभर गाजला, पण आरोप काही सिद्ध झाला नाही. नेमकं काय घडलं ते कधीच कळलं नाही.

अर्देशीर तेव्हा २३ वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. त्यांना मूलबाळही नव्हतं.

पहिलीच केस आणि वकिलीला रामराम

कायद्याची पदवी घेऊन १८९४ मध्ये अर्देशीर थेट आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या झांझिबारला गेले. मुंबईच्या एका सॉलिसिटर कंपनीने त्यांना अशिलाची बाजू मांडायला पाठवलं होतं.

सुरुवातीला केस सरळ वाटली. पण जसजसे कागद आणि साक्षी समोर आल्या तसतसं त्यांच्या लक्षात आलं, की अशिलाला जिंकून द्यायचं तर जे खरं आहे याची आपल्याला खात्री नाही ते कोर्टात ठासून खरं म्हणून सांगावं लागेल.

आता वकिलाने अशिलाची बाजू मांडायची असते, एवढी ताणाताण कशाला, असं आपल्याला वाटेल. त्यांच्या आसपासच्या लोकांनाही तेच वाटलं. पण अर्देशीर यांना ते जमेना. त्यांनी केस सोडली आणि केससोबत वकिलीही सोडली. तरुण वयात, हातात दुसरं काही नसताना ते मुंबईला परत आले.

मुंबईत त्यांनी एका औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून काम धरलं. तिथेच त्यांना कल्पना सुचली की ऑपरेशनला लागणारे चिमटे, कात्र्या वगैरे अवजारं परदेशातून येतात, ती इथेच का बनवू नयेत?

भांडवलासाठी त्यांनी वडिलांकडे हात पसरला नाही. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून ३,००० रुपये कर्ज घेतलं आणि कामाला लागले.

अवजारं चांगली झाली. ज्या गोऱ्या मालकासाठी ती बनवली होती, त्यालाही दर्जा पसंत पडला. अडलं ते एकाच गोष्टीवर. अर्देशीर यांना अवजारांवर ती भारतात बनल्याचा शिक्का हवा होता. मालकाचं म्हणणं होतं की तसा शिक्का असलेली अवजारं बाजारात कुणी घेणार नाही.

शिक्का काढला असता तर धंदा चालला असता. अर्देशीर यांनी शिक्का ठेवला आणि धंदा बंद केला.

म्हणजे वय तिशीच्या आतबाहेर. बायको गेलेली. वकिली गेलेली. पहिला कारखाना बुडालेला. डोक्यावर कर्ज. आणि दोन्ही वेळा घोडं अडलं ते जे खरं आहे तेच सांगायचं या एका हट्टावर.

पेपरातली एक बातमी

याच सुमारास त्यांच्या वाचनात एक बातमी आली. मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या आणि लोकांनी आपल्या घरादारांची नीट काळजी घ्यावी, असं पोलीस कमिशनरांचं म्हणणं त्यात होतं.

अर्देशीर यांनी विचार केला की काळजी घ्यायची तर कशाने? बाजारात कुलपं होती, पण ती बरीचशी हाताने घडवलेली. एकाची किल्ली दुसऱ्याला लागायची. चांगलं कुलूप हवं तर विलायती घ्यायचं, आणि ते सगळ्यांच्या खिशाला परवडणारं नव्हतं.

ते पुन्हा कामांकडे गेले. पहिलं कर्ज अजून फिटलेलं नव्हतं, तरी कामांनी दुसऱ्यांदा पैसे दिले. १८९७ मध्ये मुंबईत लालबागला गॅस कंपनीच्या शेजारी एका छोट्या शेडमध्ये डझनभर कारागिरांसह कुलपांचं काम सुरू झालं.

पहिल्या कुलपांचं नाव ठेवलं अँकर, म्हणजे जहाजाचा नांगर. प्रत्येक कुलपासोबत एक हमीपत्र दिलं जायचं. त्यातली मुख्य हमी अशी की या कुलपाची किल्ली दुसऱ्या कुठल्याही कुलपाला लागणार नाही.

आज यात विशेष वाटत नाही. पण विचार करा, गिऱ्हाईक कुलूप विकत घेतं तेव्हा नेमकं काय विकत घेतं? ते लोखंड आणि पितळ घेत नाही, बनवणाऱ्याचा शब्द घेतं. बनवणाऱ्याने एकाच साच्यातल्या शंभर किल्ल्या काढल्या असतील तर गिऱ्हाइकाला ते कळणार तरी कसं? घर फुटल्यावरच कळतं. झांझिबारमध्ये ज्या माणसाला खात्री नसलेली गोष्ट छातीठोकपणे सांगता आली नव्हती, तो आता खात्रीच विकत होता.

कुलपाच्या पोटात काय असतं?

त्या काळातल्या चांगल्या कुलपात लिव्हर असायचे. लिव्हर म्हणजे एकावर एक रचलेल्या पितळी पट्ट्या. किल्लीचे दात फिरताना प्रत्येक पट्टी ठराविक उंचीवर उचलतात. सगळ्या पट्ट्या अचूक उंचीवर आल्या तरच बोल्ट सरकतो. एखादी पट्टी केसभर कमी किंवा जास्त उचलली गेली तरी कुलूप उघडत नाही. म्हणूनच दुकानदार आजही कुलपाच्या लिव्हरचा आकडा सांगतो. लिव्हर जास्त, तर चोराला जुळवायच्या गोष्टी जास्त.

या पट्ट्यांना परत जागेवर बसवायला स्प्रिंग असते. स्प्रिंग थकते, गंजते, तुटते. मग कुलूप कधी मालकालाच उघडत नाही, तर कधी भलत्यालाच उघडतं. अर्देशीर यांनी पुढे स्प्रिंगच नसलेलं कुलूप बनवलं आणि त्याचं पेटंटही घेतलं. जो भाग दगा देतो तोच काढून टाकायचा, असा साधा हिशोब.

त्यांची आणखी दोन कुलपं भारी होती.

एक होतं गॉर्डियन. त्याला दोन किल्ल्या असत. दोन्हींनी कुलूप उघडायचं, पण दुसऱ्या किल्लीने आतली रचनाच बदलता यायची. पहिल्या किल्लीची कुणी नक्कल करून घेतल्याचा संशय आला, की दुसरी किल्ली वापरायची. पहिली किल्ली आणि तिची नक्कल, दोन्ही तिथेच बाद.

दुसरं होतं डिटेक्टर. यात कुणी चुकीची किल्ली घालून फिरवली की आतला एक बोल्ट अडकून बसायचा आणि तो फक्त खऱ्या किल्लीने सुटायचा. मालकाला लगेच कळायचं की आपल्या मागे कुणीतरी कुलपाला हात लावलाय. या धर्तीची कुलपं इंग्लंडमध्ये चब कंपनीने आधीच आणली होती. अर्देशीर यांनी ती गोष्ट इथल्या गिऱ्हाइकाच्या हातात दिली.

५१ तास लागले, पण उघडलं

इथे थोडं लंडनला जाऊन येऊ, कारण पुढे सायकलसाठी हे कामाला येणार आहे.

१८५१ मध्ये लंडनला जगभरातल्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे अमेरिकेहून आलेला हॉब्ज नावाचा कुलूपवाला होता. ज्या इंग्लिश कुलपांना अभेद्य म्हटलं जायचं ती उघडून दाखवतो, असं आव्हानच त्याने दिलं. चबचं डिटेक्टर कुलूप त्याने अर्ध्या तासाच्या आत उघडलं. ब्रामा कंपनीच्या कुलपाला त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. पण तेही उघडलं.

इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. पण यातून खरा धडा असा निघाला की न उघडणारं कुलूप जगात नसतं. कुलूप फक्त वेळ विकत घेऊन देतं. अर्ध्या तासात उघडणारं आणि ५१ तासांत उघडणारं, दोन्ही उघडतातच. पण ५१ तास एका दारापुढे बसून राहणारा चोर कुठे सापडणार?

तिजोरी: कुलूप चांगलं, पण पेटी?

कुलपं चालली. पण अर्देशीर यांना दिसलं की भक्कम कुलूप लाकडी पेटीला लावलं तर चोर कुलपाच्या वाटेला जातच नाही. तो पेटी फोडतो, नाहीतर सरळ पेटीच उचलून नेतो. आग लागली तर सगळाच खेळ खलास.

म्हणून मग तिजोरी आली. १९०२ मध्ये गोदरेजची पहिली तिजोरी बाजारात आली. इथेही त्यांनी लक्ष दिलं ते दुबळ्या जागेवर. तिजोरी फुटते ती सांध्यांपाशी. मग सांधेच कमी करायचे. पोलादी पत्रा तुकड्यांत जोडण्याऐवजी शक्य तिथे एकाच पत्र्याला वळवून पेटी करायची. आगीतही आतले कागद टिकावेत यासाठी वेगळे प्रयोग झाले.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत स्फोट झाला. दारूगोळा भरलेलं जहाज उडालं आणि आजूबाजूचा परिसर जळून गेला. त्या ढिगाऱ्यांत गोदरेजच्या तिजोऱ्यांमधली कागदपत्रं शाबूत सापडल्याच्या हकिकती आजही सांगितल्या जातात. अर्देशीर मात्र ते बघायला हयात नव्हते.

एव्हाना धाकटे भाऊ पिरोजशा धंद्यात आले होते. अर्देशीर यांचं डोकं नव्या वस्तूंमध्ये आणि पिरोजशांचं कारखाना उभा करण्यात, अशी विभागणी झाली. अर्देशीर यांनी पुढे साबणात हात घातला. तेव्हाच्या साबणात जनावरांची चरबी असायची, त्यामुळे बरेच लोक तो अंगाला लावायला कचरायचे. गोदरेजने वनस्पती तेलाचा साबण आणला. त्याचं नाव काय ठेवलं असेल? चावी. कुलूपवाल्याच्या साबणाला दुसरं कुठलं नाव शोभणार?

तीन लाख रुपये आणि वर्ध्याचे खजिनदार

आता पुन्हा वर्ध्याकडे येऊ.

१९२१ मध्ये लोकमान्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड सुरू झाला. गांधीजींनी एक कोटी रुपये जमवायचं ठरवलं होतं. अर्देशीर यांनी या फंडाला ३ लाख रुपये दिले. त्या काळात ही केवढी मोठी रक्कम होती हे वेगळं सांगायला नको. काँग्रेसच्या पैशांचा हिशोब तेव्हा ज्यांच्याकडे होता त्यात वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज होते. मुंबईचा कुलूपवाला देणारा आणि वर्ध्याचा शेठ सांभाळणारा, असा तो योग.

पण पैसे दिले म्हणून अर्देशीर यांनी माना डोलावल्या नाहीत. स्वदेशी माल वाईट असला तरी देशासाठी तोच घ्या, हा विचार त्यांना मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं होतं की देशी माल विलायतीच्या तोडीस तोड किंवा त्याहून सरस हवा. गिऱ्हाइकाच्या देशप्रेमावर निकृष्ट माल खपवणं म्हणजे त्याचीच फसवणूक. शिक्का भारताचाच हवा आणि मालही त्या शिक्क्याला शोभणारा हवा, या दोन्ही गोष्टी त्यांना एकत्र हव्या होत्या.

मतभेद असूनही गांधीजींच्या मनात त्यांच्याबद्दल आदर होता. दुसऱ्या एका साबणवाल्याने गांधीजींचा आशीर्वाद मागितला तेव्हा गोदरेजांचं नुकसान होणार असेल तर आशीर्वाद देता येणार नाही, अशा अर्थाचं उत्तर त्याला गेलं होतं.

शेवटच्या वर्षांत अर्देशीर धंदा भावावर सोपवून नाशिकला गेले आणि शेती करू लागले. ती काही साधली नाही. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, ज्याला पुढे सेवाग्राम म्हणू लागले.

आणि १९५१-५२ मध्ये स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा लोकांची मतं ठेवायला लाखो पोलादी मतपेट्या लागल्या. त्यातल्या बऱ्याच मतपेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. देशाने आपली सगळ्यात मोलाची गोष्ट कुलपात ठेवली, तेव्हाही तो शब्द याच घरातला होता.

आता तुमच्या सायकलचं

अर्देशीर यांनी दारांची आणि तिजोरीची कुलपं केली. पण त्यांच्या कामातून जे नियम निघतात ते सायकलला तंतोतंत लागू पडतात.

पहिला नियम, पेटी उचलून नेता येत असेल तर कुलपाचा उपयोग नाही. म्हणून सायकल नेहमी हलणार नाही अशा वस्तूला बांधा. जमिनीत पक्का रोवलेला लोखंडी खांब, सिमेंटमध्ये बसवलेलं स्टँड, भक्कम ग्रिल. बारीक झाड, ढिला पाइप किंवा ज्याच्या वरून सायकल सरळ उचलून काढता येईल असा बुटका खांब चालणार नाही. बांधण्याआधी खांब एकदा हलवून बघा.

दुसरा नियम, दुबळी जागा शोधा, कारण चोरही तीच शोधतो. फक्त चाक बांधलं तर चोर चाक सोडून बाकी सायकल नेतो. आजकाल बऱ्याच सायकलींची चाकं नुसत्या एका दांडीने हाताने निघतात. म्हणून फ्रेम, मागचं चाक आणि खांब हे तिन्ही एकाच कुलपात घ्या. पुढचं चाक सहज निघणारं असेल तर तेही साखळीत ओवा.

तिसरा नियम, कुलूप म्हणजे वेळ. बारीक वायरचं कुलूप, मग ते नंबरवालं का असेना, चांगल्या पकडीने काही सेकंदांत तुटतं. जाड, कडक पोलादाचं यू आकाराचं कुलूप किंवा जाड कड्यांची साखळी जास्त वेळ खाते. दोन वेगळ्या प्रकारची कुलपं लावली तर चोराला दोन वेगळी हत्यारं लागतात. मागच्या चाकाचं गोल कुलूप काढून टाकायची गरज नाही. ते जोडीला ठेवा, पण एकट्या त्याच्या भरवशावर सायकल सोडू नका.

चौथा नियम, हत्याराला जागा देऊ नका. कुलूप लावल्यावर आत जेवढी मोकळी जागा, तेवढी पहार घालून पिळायला सोय. म्हणून कुलूप घट्ट बसेल असं लावा. ते जमिनीवर टेकू देऊ नका, कारण जमिनीचा आधार घेऊन हातोड्याने ठोकणं सोपं जातं. किल्लीचं तोंड खाली ठेवा, म्हणजे पाणी आणि धूळही जात नाही.

पाचवा नियम हमीपत्राचा. सायकल तुमची आहे हे सिद्ध करता आलं पाहिजे. बहुतेक सायकलींच्या फ्रेमवर, बऱ्याचदा पेडलच्या जोडाखाली, एक नंबर ठोकलेला असतो. सायकल उलटी करा, त्या नंबरचा फोटो काढा, सायकलसोबत स्वतःचा एक फोटो काढा आणि बिल जपून ठेवा. चोरी झालीच तर पोलीस ठाण्यात तक्रार देताना हेच कामाला येतं. नुसती काळी सायकल होती असं सांगून सायकल सापडत नाही. कुलपासोबत आलेल्या दोन किल्ल्यांपैकी एक घरी ठेवा. दोन्ही एकाच छल्ल्यात अडकवल्या तर दुसरी किल्ली असून नसल्यासारखी.

आणि सायकल लोकांच्या नजरेसमोर, उजेडात लावा. जिन्याखालचा अंधारा कोपरा आपल्याला सुरक्षित वाटतो, पण चोरालाही तो तितकाच सोयीचा असतो. सोसायटीत, हॉस्टेलवर, अगदी घराच्या अंगणातही कुलूप लावा. पाच मिनिटांसाठी दुकानात जाताना लावा. सायकल जायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

एवढं करूनही सायकल कधीच जाणार नाही अशी हमी कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ज्या गोष्टीची खात्री नाही ती खात्रीने सांगायची नाही, म्हणून तर अर्देशीर झांझिबारहून परत आले होते. आपण एवढंच करू शकतो की चोराचा वेळ वाढवायचा, इतका की तो कंटाळून निघून जाईल.

तेव्हा पुढच्या वेळी वर्धा स्टेशनला गाडी गाठायची घाई असेल, तर दोन मिनिटं आधी निघा. खांब बघा, फ्रेम बांधा, कुलूप एकदा ओढून बघा. मग गाडीत खिडकीजवळ निवांत बसा.